डिस्कव्हरी ४ची गळती: एअर सस्पेन्शनच्या कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला तेव्हा ती बसलेली होती. चारही चाकांच्या कमानीत बोट जाईना. वहिनी म्हणाल्याच, "जन्मभर कारखान्यात हवेच्या लाइनी सांभाळल्या आणि दारातल्या गाडीत हवा राहात नाही!" उत्तर नव्हतं. पाने, पकडी आणि मल्टिमीटर पाटावर मांडून पूजा केली आणि दुपारीच ही वही काढली.

गाडी लँड रोव्हर डिस्कव्हरी ४, २०११ची, तीन लिटर डिझेल, मुंबईहून सेकंड हँड घेतलेली. हिला लोखंडी स्प्रिंग नाही. चारही कोपऱ्यांना शॉक अॅब्झॉर्बरभोवती रबरी एअर स्प्रिंग आहे. बसचे मेकॅनिक ज्याला बलून म्हणतात तेच. हवा पुरवायला एक कंप्रेसर, साठवायला सुमारे नऊ लिटरची टाकी, वाटायला तीन व्हॉल्व्ह ब्लॉक (पुढे, मागे आणि टाकीपाशी), आणि प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा एक सेन्सर. नेहमीच्या उंचीपासून ती माणसं चढण्या-उतरण्यासाठी ५० मिमी खाली बसते आणि खराब वाटेवर ५५ मिमी वर उठते.

लक्षणं अशी: दोन-तीन दिवस उभी राहिली की पार खाली जाते. चालू केल्यावर उठायला फार वेळ घेते, तोवर कंप्रेसर घरघरत राहतो. मधूनच पिवळा दिवा आणि 'सस्पेन्शन फॉल्ट'. स्कॅनरवर कोड येतो सी१ए२०, म्हणजे टाकी भरताना दाब फार सावकाश वाढतोय.

एका वर्कशॉपचं कोटेशन हातात आहे: कंप्रेसर नवा, पुढचे दोन्ही स्ट्रट (शॉक अॅब्झॉर्बर आणि त्याभोवतीचा बलून मिळून एक स्ट्रट) नवे. आकडा लाखांत. गळती कुठे आहे, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून माझ्यापुरता नियम ठरवला आहे की गळतीवर बोट ठेवून दाखवता येत नाही, तोवर एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

१५ ऑक्टोबर

ही गाडी स्वतःच पुरावा पुसते, ते आधी समजून घ्यावं लागतं.

इंजिन बंद करून कुलूप लावलं तरी सस्पेन्शनचा कंट्रोलर पूर्ण झोपत नाही. साधारण दोन तासांनी एकदा आणि मग दर सहा तासांनी जागा होऊन तो चारही उंच्या तपासतो. एखादा कोपरा खचलेला दिसला, तर कंप्रेसर चालवून तो वर उचलत नाही, कारण बॅटरी संपेल. त्याऐवजी उरलेल्या तीन कोपऱ्यांची हवा सोडून त्यांना खचलेल्याच्या पातळीवर आणतो, म्हणजे गाडी वाकडी दिसू नये. दिसायला हे ठीक, पण गळका कोपरा एकच असला तरी सकाळी चारही सारखेच खाली. मग कोणीही म्हणणार, "सगळंच गेलंय साहेब, कंप्रेसर टाका."

उपाय साधा आहे. सपाट फरशीवर गाडी नेहमीच्या उंचीला आणली, इंजिन बंद केलं आणि सस्पेन्शनचा फ्यूज काढला. आता कंट्रोलर जागा होणार नाही आणि जो कोपरा गळतो तोच खचेल. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत टेपने मोजलं, मास्किंग टेपवर आकडे लिहून त्या त्या कमानीवर चिकटवले. भाच्याने फोटो काढून ठेवले. त्याचा वहीवर विश्वास नाही.

रात्री दहा ते सकाळी सातमध्ये कोण किती खाली आलं: पुढचं डावं ५८ मिमी, मागचं उजवं २१, पुढचं उजवं ६, मागचं डावं ५.

पहिला आकडा बोलका आहेच, पण मला दुसऱ्यात जास्त रस वाटला. एक कोपरा खचला की त्याचं आणि त्याच्या समोरच्या तिरक्या कोपऱ्याचं वजन हलकं होतं आणि भार दुसऱ्या कर्णावर जातो. आखूड पायाचं टेबल डुलतं तो हाच हिशेब. त्यानुसार मागचं उजवं किंचित उचललं जायला हवं होतं. ते उलट २१ मिमी खाली आलं, म्हणजे तिथे स्वतंत्र गळती आहे. उरलेले पाच-सहा मिमी वाढलेल्या भाराच्या खात्यात जातील.

थोडक्यात गळत्या दोन आहेत, आणि कोटेशनमधल्या दोन स्ट्रटपैकी पुढचा उजवा निदान आज तरी निर्दोष आहे.

२० ऑक्टोबर

पुढचं डावं चाक काढलं. त्याआधीची एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो, कारण भाचा लगेच खाली सरकायला निघाला होता: हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही. नळी सुटली तर दोन-अडीच टनांचं धूड एका क्षणात खाली येतं. आधी गाडी उंच केली, मग चासीखाली चारही बाजूंनी जॅक स्टँड लावले, फ्यूज काढला, आणि मगच हातात पाना घेतला.

गळती बुडबुड्यांवरून शोधायची, म्हणून साबणाच्या पाण्यासाठी आधी भांड्यांचं लिक्विड वापरलं. ते पातळ होतं आणि फेस लगेच विरतो. वहिनींनी रिठे उकळून पाणी दिलं. त्याचा फेस बराच वेळ टिकतो आणि बारीक गळतीला तेच हवं. ब्रशने लावायचं, फवारायचं नाही, कारण फवाऱ्याने मुळातच इतके बुडबुडे होतात की खरे कुठले ते कळत नाही.

चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर काढल्यावर स्ट्रटचं डोकं हाताला लागतं, पण डोळ्याला दिसत नाही. दाढीचा आरसा आणि टॉर्च घेऊन बघितलं. रबरावर काही नाही. नळी जिथे स्ट्रटमध्ये शिरते त्या पितळी फिटिंगभोवती मात्र मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. सावकाश, पण थांबत नव्हते. रात्रभराचे ५८ मिमी याच वेगाने जातात.

फिटिंगच्या अलीकडे नळीवर जुने चावे दिसतात. आत एक दातेरी कडं असतं, ते नायलॉनला पकडून बसतं. पूर्वी कोणीतरी ही नळी काढून तेच टोक पुन्हा तसंच बसवलं असणार. चाव्याची खाच रबरी रिंगखाली आली की हवेला वाट मिळते.

२२ ऑक्टोबर

संध्याकाळी भोसरीला, न्यूमॅटिकच्या दुकानात. तिथे माझी ओळख जुनी.

"सहा एमएमचं पुश फिटिंग ना? डझनाने घेऊन जा."

"दाब किती सोसेल?"

"दहा बार. तुमच्या लाइनीला सहा-सातच असतो की."

कारखान्यात सहा-सातच असतो, पण या गाडीच्या टाकीत तो सोळा-सतरा बारपर्यंत जातो. निळी पॉलियुरेथेनची नळीही साधारण दहा बारचीच, शिवाय इंजिनाजवळच्या उष्णतेत मऊ पडते. आपल्याकडे एअर सस्पेन्शनच्या गाड्यांना रस्त्यात अशी निळी नळी जोडून दिलेली मी पाहिली आहे. स्प्रिंगच्या बाजूला दाब टाकीपेक्षा कमी असतो, म्हणून ती काही दिवस टिकते. खड्ड्यात चाक आपटलं की तिथला दाबही उसळतो आणि मग ती कधी सुटेल याचा नेम नाही. घरापर्यंत पोचायला ठीक, पण दुरुस्ती म्हणून नाही.

काळी पीए१२ नायलॉनची नळी घेतली, बाहेरून सहा, आतून चार मिमी. तिच्यावर छापलेला दाब गाडीच्या दाबाहून वर आहे, आणि गरम झाल्यावर तो आकडा उतरतो हे धरूनही पुरतो. फिटिंग मात्र मूळ पद्धतीचंच, व्हॉस कंपनीचं, मागवलं. दुकानदार म्हणाला, "एवढ्याशा पितळेला एवढे पैसे?" बरोबर आहे त्याचं. पण गाडी डोक्यावर असताना मी असल्या हिशेबात पडत नाही.

२७ ऑक्टोबर

फिटिंग आलं. स्कॅनरच्या टूलने त्या कोपऱ्याची हवा सोडली, तरी फिटिंग एकदम उघडलं नाही. पाव आटा सैल केला, फुसफुस थांबेपर्यंत थांबलो, मगच पुढे.

नळीचं खराब टोक कापलं. कटर म्हणजे नळी कापायचा चिमटाच हवा. पकडीने कापलं की गोल तोंड अंडाकृती होतं आणि काप तिरका येतो. या जोडात हवा अडवायची जबाबदारी नळीच्या बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर असते. तिथे ओरखडा असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. दोन सेंटिमीटर गेले, नळीला तेवढी सैल होती. नवं फिटिंग हाताने बसवलं, पान्याने बेताचंच आवळलं. पितळ आहे, जोर दाखवायची जागा नाही.

रिठ्याचा फेस लावला. काही नाही. अर्ध्या तासाने पुन्हा आरसा धरला. काही नाही.

२८ ऑक्टोबर

सकाळचा आकडा: पुढचं डावं ५ मिमी. मागचं उजवं पुन्हा २०.

आता दिवाळी. फराळाला येणाऱ्यांच्या गाड्या लागतील, तेव्हा घोडदौड बंद.

१० नोव्हेंबर

मागचं उजवं. हा कोपरा हटवादी निघाला.

वरच्या फिटिंगला फेस लावला, कोरडा. नळीभर लावला, व्हॉल्व्ह ब्लॉकच्या जोडांना लावला, कोरडा. रबराला लावला, कोरडा. तरी रोज वीस मिमी. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आतला व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर हवा एका नळीतून दुसरीकडे जाते आणि बाहेर एक बुडबुडाही दिसत नाही, म्हणून संशय तिकडे वळला. ब्लॉक उघडायच्या बेतात होतो.

तेवढ्यात शेजारच्या सोसायटीतले एक निवृत्त मेकॅनिक आले. आयुष्य लक्झरी बसचे बलून बदलण्यात गेलं. त्यांनी फक्त विचारलं, "तपासली कुठल्या उंचीला?"

नेहमीच्या.

"वर करा. बलून घडीत फाटतो. घडी मिटली की भेग झाकते."

एअर स्प्रिंगचं रबर खालच्या नळकांड्यावर (त्यालाही पिस्टनच म्हणतात) उलटं वळून बसतं. चाक वर-खाली झालं की ही वळकटी रबरावरून सरकत राहते. गाडी वर्षानुवर्षं एकाच उंचीला चालते, म्हणून रबर एकाच पट्ट्यात जास्त वाकतं, आणि घाटातली माती, बारीक कच त्याच घडीत जाऊन बसते. गाडी ५५ मिमी वर केली तशी घडी जागेवरून हलली आणि स्ट्रटच्या खालच्या अंगाला, रबर उलटं वळतं तिथून, फेसाची दाढीच लोंबायला लागली. पुन्हा नेहमीच्या उंचीला आणली तर जवळजवळ बंद. रात्री बलूनमधली हवा आणि भार बदलत असताना ती भेग कमी-जास्त उघडत असणार.

भाच्याचा प्रस्ताव: पंक्चरचा पॅच. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचीही तयारी होती, तो म्हणाला, "ट्यूबसारखंच आहे." ट्यूब टायरच्या आत निवांत बसलेली असते. या रबरात दोऱ्यांचे थर असतात आणि ते प्रत्येक खड्ड्याला त्याच जागी दुमडतं. पॅच त्या घडीत तग धरणार नाही, आणि भेग पडली याचा अर्थ आतल्या दोऱ्यांपर्यंत पाणी पोचलंय. सुटला तर वेगात असताना सुटेल. इथे मात्र नवा पार्टच, आणि त्याला माझी ना नाही, कारण आता बोट ठेवून दाखवता येतंय.

२४ नोव्हेंबर

मागचा उजवा स्ट्रट बदलला. वेळ गेला तो खालच्या बोल्टमध्ये. गंजून बुशच्या (जोडात बसवलेल्या रबराच्या) लोखंडी नळीला चिकटला होता. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी गरम करावा असं वाटलं, पण शेजारीच रबर आणि नायलॉन, म्हणून ज्योत टाळली. लांब दांड्याचा पाना आणि संयम यांवर निघाला.

बसवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नव्या बलूनमध्ये हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन त्यावर उतरवायचं नाही. रिकाम्या रबराला वेडीवाकडी घडी पडते आणि ती घडी पुढे भेग होते. म्हणून जॅक स्टँड तसेच ठेवून टूलने आधी हवा भरली, घडी सगळीकडून सारखी बसली का ते हात फिरवून पाहिलं, मग गाडी खाली घेतली. दुसरं म्हणजे खालचा बोल्ट चाक लोंबकळत असताना शेवटचा आवळायचा नाही. बुशचं रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आल्यावर सतत पिळलेलं राहतं. नेहमीच्या उंचीला आणून मगच टॉर्क दिला.

जुना स्ट्रट बादलीत बुडवून, दीड बारपेक्षा जास्त नाही, एवढी हवा भरून पाहिली. घेराच्या दिशेने केसासारख्या भेगांची एक पट्टी आणि त्यातल्या एकीतून बुडबुड्यांची माळ. त्या मेकॅनिककाकांना फोटो पाठवला. उत्तरादाखल नुसता अंगठा.

८ डिसेंबर

गळत्या बंद, तरी सी१ए२० गेला नाही. गाडी रात्रभर उभी राहते, पण टाकी भरायला अजूनही फार वेळ. आता कंप्रेसरची पाळी.

तो डाव्या मागच्या चाकाच्या पुढे, चासीच्या बाहेरच्या अंगाला झाकणात असतो. माझ्याकडचा हिताचीचा आहे, नंतरच्या गाड्यांना एएमके कंपनीचा येतो. सुटे भाग एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत, म्हणून मागवण्याआधी काढून लेबल वाचलेलं बरं.

उघडल्यावर दोन गोष्टी. पिस्टनची टेफ्लॉनसारखी रिंग एका बाजूने झिजून सुरीच्या पात्यासारखी झालेली, आणि ड्रायरच्या डब्यात सिलिकाच्या गोळ्यांऐवजी ओलसर पीठ.

हे पीठ कसं झालं यात सगळी गोष्ट आहे. कंप्रेसर बाहेरची हवा ओढतो ती ड्रायरमधून टाकीकडे जाते आणि सिलिका तिच्यातलं पाणी शोषते. गाडी खाली येते तेव्हा स्प्रिंगमधली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर जाते आणि जाताना ते पाणी घेऊन जाते. हे चक्र चालू असलं की सिलिका वर्षानुवर्षं टिकते. पण स्प्रिंग गळत असेल तर हवा भलत्याच वाटेने निघून जाते. आत येताना रोज पाणी आणते, बाहेर जाताना ड्रायरला शिवतसुद्धा नाही. त्यात पुण्याचा जुलै-ऑगस्ट. सिलिका तुडुंब झाली, गोळ्या फुटल्या, पीठ व्हॉल्व्हपर्यंत गेलं. शिवाय दिवसभर चालून पिस्टन झिजला.

म्हणजे कंप्रेसर खराब होता हे त्या कोटेशनमध्ये बरोबरच होतं. पण फिटिंग गळत असताना नवा बसवला असता तर दोन पावसाळ्यांत त्याचंही हेच झालं असतं. कारखान्यातही असंच चालतं: लाइन गळते आणि बदलला जातो कंप्रेसर.

१५ डिसेंबर

रिंग, लायनर, ओ-रिंगा असा संच बसवला. डबा धुवून पूर्ण वाळवला, नव्या सिलिकाच्या गोळ्या भरल्या, दोन्ही तोंडांना नवे नमद्याचे थर. गोळ्या डब्यात खुळखुळल्या की एकमेकींवर घासून पुन्हा पीठ होतं, म्हणून ठोकून ठोकून गच्च भरल्या. सिलिंडरला तेल लावायचा मोह सगळ्यांना होतो. हा कंप्रेसर कोरडा चालतो. तेल दिलं तर ते थेट सिलिकावर जाईल.

गाडीबाहेर बॅटरीला जोडून, गेज लावून थोडाच वेळ चालवला. जास्त चालवला तर तापतो. काटा झपझप वर गेला, एवढं पुरे.

रिले, म्हणजे कंप्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच, तोही बदलला. किंमत किरकोळ, पण त्याचे पॉइंट चिकटले तर कंप्रेसर थांबायचं नावच घेत नाही आणि आजचं सगळं काम जळून जाईल. जुना उघडून पाहिला, पॉइंट काळे पडले होते.

झाकण, फोम, बोल्टना ग्रीस. कोड पुसला. अजून तरी आलेला नाही.

५ जानेवारी २०२५

भाच्याचा घाबरून फोन: "मामा, परत खाली बसतेय. चारही!"

फ्यूज काढून रात्रीची मोजणी पुन्हा केली. चारही कोपरे सात ते नऊ मिमी खाली. रात्री दहाला २१ अंश, पहाटे ११. हवेचं आकारमान केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतं, आणि वर तोललेलं वजन तेच असल्याने दाब साधारण तोच राहतो. दहा अंशांची घट म्हणजे सुमारे साडेतीन टक्के आकसणं. स्प्रिंगच्या आणि चाक धरणाऱ्या आर्मच्या मापात ते या आकड्यांशी जुळतं. दुपारी ऊन आल्यावर, कंप्रेसर न लावता, गाडी आपोआप परत वर आली. गळकी गाडी असं करत नाही. चौघांपैकी एखादाच वेगळा दिसला तरच फोन कर, असं त्याला सांगितलं.

१९ जानेवारी

मुळशीमार्गे ताम्हिणीपर्यंत जाऊन आलो, मध्ये थोडी कच्ची वाट. वर-खाली भरपूर केली. घरी आल्यावर चारही बलूनच्या घड्या गाडी वर करून साध्या पाण्याने धुतल्या. प्रेशर वॉशरची धार लावली नाही, ती कच उलट आत ढकलते. कच्च्या वाटेवरून आलं की हे दर वेळी करायचं.

गाडीत एक डबा ठेवला आहे: मीटरभर पीए१२ नळी, दोन व्हॉसची फिटिंगं, नळी कापायचा चिमटा, एक जादा रिले, आणि टायरसारखा व्हॉल्व्ह लावलेला नळीचा तुकडा. एखादा कोपरा वाटेत गेलाच तर स्प्रिंगची नळी सोडवून हा तुकडा जोडायचा आणि पंपाने हवा भरून हळू घर गाठायचं.

बाकी राहिलेलं: पुढचं उजवं बाकी तिघांपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त उतरतं. फेसाला अजून काही दाखवत नाही. मे महिन्यात, पावसाआधी, अस्तर काढून तिथलं फिटिंग बघायचं आहे. डब्यात दोन फिटिंगं आहेतच.